शेवंतामावशी गेटबाहेर राहिली

"कोणाकडची?"

कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या बाईला विचारलेला प्रश्न. विचारणारे सोसायटीचे सेक्रेटरी. ते गेटच्या आत, चार पायऱ्या वर, डोक्यावर छत्री धरून. बाहेर आम्ही. विठ्ठलवाडीला वालधुनी नदीच्या काठावरची आमची अर्धी वस्ती.

पद्धतच होती तशी. जी बाई बिल्डिंगीत धुणीभांडी करते, तिला पुरात जिन्यावर बसायला मिळायचं. तिने मजला सांगायचा, त्या घरच्या वहिनींनी गॅलरीतून मान हलवायची, मग गेट उघडायचं. ही बिल्डिंग नदीच्या पात्रात भराव टाकून उभी राहिलेली. ती नव्हती तेव्हा आमच्या घरात पाणी घोट्याच्या वर येत नसे. पण तेव्हा हे कुणी बोलत नव्हतं. उलट साहेबलोक जिना देतात म्हणून आमचीच माणसं त्यांचं कौतुक करायची.

आई म्हणाली, "दुसरा मजला, डावीकडचं घर." वहिनींनी वरून मान हलवली. आईच्या कडेवर माझा भाऊ होता, दीड वर्षाचा. मी शेवंतामावशीच्या खांद्यावर होते.

शेवंतामावशी आमची शेजारीण. विधवा, मूलबाळ नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत ती पिंपं धुवायची. कसली कसली केमिकलची पिंपं. तिच्या बोटांची सालं कायम निघालेली असायची. त्या दिवशी पाणी वाढलं तेव्हा आईला दोन पोरं झेपेनात. मावशीने काही न विचारता मला उचललं आणि गेटपर्यंत आणलं. वाटेत दोनदा तिचा पाय घसरला. मला तिने पुराचं पाणी लागू दिलं नाही.

गेटशी तिने मला आत पायरीवर ठेवलं. स्वतः आत यायला लागली तर सेक्रेटरींनी हात आडवा केला.

"तू कोणाकडची?"

"मी कंपनीत जाते साहेब."

"मग इथे कोणाकडे?"

मावशी आईकडे बघायला लागली. आईने मान खाली घातली. वहिनींनी आदल्याच वर्षी बजावलं होतं, तुझ्या घरच्यांपुरतंच, अख्खी वस्ती गोळा करून आणलीस तर तुलाही जागा नाही. घरातून निघताना आईने मलाही पढवलं होतं, कुणी विचारलं तर आपण तिघंच म्हणायचं.

सेक्रेटरी वाकले. माझ्याशी फार गोड बोलले. "बाळ, ही तुमची कोण?"

मी नऊ वर्षांची होते. चौथीत. खोटं बोलू नये, मोठ्यांचं ऐकावं, दोन्ही पाठ होतं. मी म्हणाले, "कोणी नाही. शेजारची आहे."

गेट लागलं.

मावशीने मला शिवी दिली असती तरी चाललं असतं. तिने फक्त माझ्या फ्रॉकची मागची नाडी सुटली होती ती गजांतून हात घालून बांधली, आणि वळली.

आम्हाला पहिल्या मजल्याच्या वळणावर बसवलं. लादी खराब होते म्हणून खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं. त्यावरून हलायचं नाही. जिन्याला सिमेंटची जाळी होती, तिच्यातून वस्ती दिसायची. मावशी तिच्या घराच्या पत्र्यावर चढताना मी बघितली. दुपारची वेळ, लख्ख दिसत होतं. मी आईला हाक मारली. आई म्हणाली, "गप बस." थोड्या वेळाने खाडीला भरती लागली. भरती असली की नदीचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगत येतं. मी परत बघितलं तेव्हा पत्रा नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती रेल्वेच्या पुलाखाली सापडली.

मला तेव्हापासून पाठीमागे नाडी असलेलं काही घालता येत नाही. कुणी बांधायला हात लावला की मी दूर सरकते. हसतात बायका मला. हसू देत. त्यांना काय सांगू?

मी मोठी झाले. दहावी केली, वस्तीतल्या बुद्धविहारात बालवाडी चालवायला लागले. नव्वदचं दशक उजाडलं. नदी आता कधी निळी वाहायची, कधी लाल, ज्या दिवशी कारखान्यांत जसा रंग तशी. पात्र आणखी बुजलं. पूर दर दोन-तीन वर्षांनी यायला लागला. माशांची पाटी घेऊन येणारी कोळीण तेवढी सांगून जायची, "आज उधाण हाय गो, सामान वर चढवा." आमची पुराची तयारी म्हणजे तेवढीच.

एका वर्षी मे महिन्यात सेक्रेटरी स्वतः बालवाडीत आले. केस पांढरे झालेले. मला त्यांनी ओळखलं नाही. हातात छापलेली कार्डं आणि कामवाल्यांच्या नावांची यादी. प्रत्येक कामवालीला एक कार्ड, त्यावर तिच्या वहिनींचा घर नंबर, सोबतच्या माणसांची संख्या.

"मागे एकदा जरा गोंधळ झाला होता," ते म्हणाले. "आता सगळं शिस्तीत. तू शिकलेली आहेस, कार्डांवर नावं लिहून दे."

गोंधळ. शेवंतामावशीला हा शब्द.

मी विचारलं, "आणि जी कोणाकडेच नाही तिने कुठे जायचं?"

"त्याला आम्ही काय करणार?"

"मग आमच्या घरचं नाव खोडा."

आई दारात उभी होती. मला वाटलं आता रडेल, हातापाया पडेल. नोकरी तिची जाणार होती. ती आत आली, म्हणाली, "खोडा साहेब. त्या दिवशी पोरीने तोंड उघडलं. उघडायला मी पाहिजे होतं."

इतक्या वर्षांत आम्ही दोघी त्यावर पहिल्यांदा बोललो, तेही त्यांच्यासमोर. ते "उपकाराची जाण नाही तुम्हा लोकांना" म्हणत गेले. दुसऱ्या दिवशी वहिनींनी आईला कामावरून काढलं. वस्तीतल्या बऱ्याच जणींनी कार्डं घेतली. मला शिव्याही घातल्या. मी त्यांना दोष देत नाही, पाण्याची भीती मलाही आहे.

पण विहाराला पक्का स्लॅब आहे. मावशी बुडाली त्या दिवशीही होता. चढायला जिना नव्हता, एवढंच. आम्ही कधी बांधलाच नाही, कारण बिल्डिंगीचा जिना होता ना!

आता रविवारी आम्ही काही बाया घमेली घेऊन जमतो. पडक्या भिंतींच्या विटा आणतो. जिना बाहेरून घेतलाय, त्याला दार नाही, कडी नाही. फळ्यावर मी रोज भरतीची वेळ लिहिते, मुलं वाचून घरी सांगतात. अकरा पायऱ्या झाल्यात, स्लॅब अजून वर आहे. पावसाआधी पुरं करायचंय.

आणि मी ठरवलंय. पाणी चढलं की मी सगळ्यांच्या शेवटी वर जाणार. घराघरांत डोकावून, खाली कुणी उरलं नाही हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी पहिल्या पायरीवर पाय ठेवणार नाही.