अक्काचं वळण

आबांविषयी लिहायचं मी तीस वर्षं टाळलं. त्यांच्या वर्षश्राद्धाला काही मंडळींनी आठवणींचं छोटं पुस्तक काढलं, तेव्हा माझ्याकडेही दोन पानं मागितली होती. डोळ्यांचा त्रास आहे, असं सांगून मी सुटलो. डोळे तेव्हा ठणठणीत होते. आता मात्र खरंच अंधुक दिसू लागलं आहे, म्हणून घाईनं लिहायला बसलो. गावाचं नाव लिहीत नाही. जळगावहून धुळ्याकडे जाताना लागतं, एवढं पुरे. आबा त्या गावचे नगराध्यक्ष होते आणि मी नगरपालिकेत नकाशे काढायला होतो.

आबांच्या सदऱ्याचा उजवा खिसा कायम फुगलेला असायचा. नव्या माणसाला वाटे, तंबाखूची पिशवी असेल. ती सुतळीची गुंडी होती. फुटाफुटावर गाठ मारलेली, वापरून काळी पडलेली. सकाळी सातला आबा घराबाहेर पडत, कोणत्या तरी गल्लीत शिरत, आणि सुतळीचं एक टोक समोर दिसेल त्याच्या हातात देत. "धरा हो जरा." दुसरं टोक घेऊन स्वतः पलीकडच्या भिंतीला जात. गाठी मोजत. कुणाचा ओटा पुढे सरकला असेल तर त्या घरमालकाला तिथंच हाक.

"अहो आबा, तीनच बोटं तर पुढं आलाय!"

"तीन बोटं तुमची, तीन बोटं समोरच्याची. मंग गाडीनं काय आंग चोरीसन जावानं का?" लोक हसत. आबा सुतळी गुंडाळत म्हणत, "आठ दिवसांत ओटा मागे घ्या. तोवर तुमच्या घरचा चहा बंद."

ही धमकी साधी नव्हती. आबांनी चहा नाकारला ही बातमी दुपारपर्यंत बाजारात पोचायची. मी असे किती तरी ओटे मागे सरकलेले पाहिले, एकही नोटीस न काढता.

दुसरी खोड पाण्याची. गल्लीत शिरले की ते सरळ शेवटच्या घरी जाऊन पाणी मागत. पाणी पुरवठ्याचा अहवाल साहेब लोक टेबलावर ठेवत, तो आबा चष्मा न लावताच बाजूला सारत. "गाव कसं शे, ते शेवटला नळले इचारा," हे त्यांचं वाक्य शिपायांनासुद्धा पाठ होतं. एकदा एका बाईनं त्यांना रिकामा तांब्याच दिला. म्हणाली, "घ्या आबा, नळाला आलं तेवढं दिलं." आबांनी तो तांब्या घरी नेला नाही, कचेरीत नेला आणि त्या गल्लीला पाणी येईपर्यंत टेबलावर तसाच उपडा ठेवला. येणारा प्रत्येक जण विचारायचा, हा कुणाचा? आणि पाणीखात्याच्या माणसाला प्रत्येक वेळी तिथं उभं राहून सांगावं लागायचं.

मला मात्र त्यांच्या चौकसपणाचं नवल वाटायचं. चौथीच्या पुढे शाळा नाही, पण पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीला प्रश्न. चाळीसगावला गाडीची वाट पाहत बसलो होतो, तर हे फलाटाच्या कडेनं चालत चालत दिसेनासे झाले. स्टेशनाचं सांडपाणी कुठं जातं ते बघायला गेले होते. फैजपूरला एका लग्नात पंगत बसली, वरण-बट्टी वाढून झाली आणि आबांचं पान रिकामं. शोधत गेलो तर मागच्या केळीच्या बागेत, धोतर वर खोचून, बागवानाशी गप्पा. परतताना मला म्हणाले, "नकाशेवाले, बागवान जमिनीला विचारतो, पाणी कुठं नेऊ? आपण कागदाला विचारतो. चूक तिथंच होते." मला ते नकाशेवालेच म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

एकदा ते मला धुळ्याला घेऊन गेले. काम काही नव्हतं. गल्ल्या दाखवायच्या होत्या. धुळ्याच्या जुन्या गल्ल्या सरळ आहेत, एकीला एक समांतर, आणि त्यांना नावांऐवजी नंबर. आबा एका गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले आणि देवदर्शन घ्यावं तसे पाहत राहिले. पलीकडच्या टोकाला एक माणूस सायकल पुसत होता, तो इथून स्पष्ट दिसत होता.

"नंबर दिले हे फार शहाणपणाचं केलं," ते म्हणाले. "रस्त्याला माणसाचं नाव दिलं की रस्ता हळूहळू त्या माणसाकडे झुकतो."

हे वाक्य पुढे माझ्या मानेवर बसलं. ते अजून उतरलेलं नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. गाव वाढत होतं. मळ्यांचे प्लॉट पडत होते, आजूबाजूची खेडी चिकटू लागली होती. आबांच्या मनात होतं की वीस वर्षांनी इथं शहर होणार, तर त्याचे रस्ते आजच राखून ठेवावे. विकास आराखडा करायचं ठरलं. त्यातला मुख्य होता बाहेरचा रस्ता, स्टेशनपासून नाक्यापर्यंत सरळ. कच्च्या नकाशावर मी रेषा ओढली तेव्हा ती आबांच्या थोरल्या बहिणीच्या पडवीतून गेली. रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला एका निवृत्त गुरुजींचं घर होतं. पुढच्या दोन खोल्यांत ते वस्तीतल्या मुलांना फुकट शिकवत. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली ओळीनं पाट्या. ते घर रेषेबाहेर राहत होतं.

त्याच दिवशी आबा मला घेऊन बहिणीकडे गेले. अक्का पडवीत नागलीचे पापड वाळवत होत्या.

"अक्का, तुनी पडवी जाई. रस्ता येई राहिना."

अक्कांनी हात थांबवला. "सावत्र भाऊबी असं करत नही रे!"

"रस्ता कोना बापना नही शे. आपलाबी नही."

"मंग पापड कोठे वाळत टाकू मी?"

"वर धाब्यावर टाक. ऊन तठे जास्त शे."

अक्का हसल्या, मग डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी पडवीतलं सामान आत न्यायला सुरुवात केली.

पक्का नकाशा मी मे महिन्यात काढला. आमच्याकडचा मे महिना सांगायला नको. कचेरीत तेव्हा नवा कूलर आला होता. गावाचा अर्धा भाग मी आधीच घरी काढून ठेवला होता, कोरड्या खोलीत. उरलेला अर्धा कचेरीत काढला, टेबल कूलरच्या तोंडाशी ओढून. चार दिवस ती ओली हवा कागदावर येत होती आणि मला बरं वाटत होतं. शेवटी दोन्ही कागद जोडायला घेतले तर रेषा जुळेनात. कूलरपुढचा ट्रेसिंग पेपर दमट हवेनं वाढला होता. फार नाही, एक सूत, इंचाचा आठवा भाग. पण त्या नकाशावर एक सूत म्हणजे जमिनीवर वीस फूट.

आरेखकाला यावर एकच मार्ग असतो. कागद फाडायचा आणि पुन्हा काढायचा. आठ दिवसांचं काम होतं. मी मुख्याधिकाऱ्यांना 'झालं' म्हणून सांगून बसलो होतो. मला कायम करण्याचा ठराव त्याच महिन्यात यायचा होता, सात वर्षं मी रोजंदारीवर काढली होती. आणि खरं सांगायचं तर मला गर्वही होता. माझ्या हाताची रेषा चुकत नाही, असं लोक म्हणत, तसं मीही म्हणे. मी जोडावर रेषेला हलकासा बाक दिला. सुबक दिसत होता. जोड कुठं पडला होता ते मी नीट पाहिलंच नाही.

नकाशा भिंतीवर लागला आणि तासाभरात गावानं पाहिला. बाहेरचा रस्ता स्टेशनपासून सरळ येत होता, अक्काच्या पडवीपाशी अंग चोरून वळत होता आणि गुरुजींच्या दोन खोल्या खाऊन पुढे पुन्हा सरळ होत होता.

आबा माझ्या टेबलापाशी आले. आवाज नेहमीसारखा, चौकशीचा. "नकाशेवाले, कच्च्यात रेषा सरळ होती. इथं का वळली?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, "कच्च्यात चूक होती आबा. पक्क्या मोजणीत ती अशीच येते."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी खिशावर हात ठेवला. मला वाटलं, आता सुतळी काढतात. पण मधे घरं, मळे, विहिरी. एवढ्या लांब सुतळी पोचत नाही. "तुम्ही शिकलेले," ते म्हणाले आणि गेले.

हरकतींच्या सुनावणीला सभागृह भरून बाहेरपर्यंत माणसं होती. गुरुजी उठले. आबांचे जुने स्नेही. रोज सकाळच्या फेरीत आबांचा एक चहा त्यांच्याकडे ठरलेला. गुरुजींनी आवाज चढवला नाही.

"आबा, तुमच्या सुतळीला गावात कुणाचा ओटा कळला नाही, कुणाची जात कळली नाही. बहीण कशी कळली?"

मागून कुणीतरी ओरडलं, "भाऊबीजेची ओवाळणी घाला आराखड्यात!" सगळं सभागृह हसलं.

आबा उभे राहिले. "गुरुजी, तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं. पण रेषा मी ओढलेली नाही. ज्यानं ओढली त्याचा हात मला माहीत आहे. तो हात खोटं करणार नाही."

मी तीन खुर्च्या सोडून बसलो होतो, नकाशा दाखवायची काठी मांडीवर घेऊन. आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी उठलो असतो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. आता तेही सांगत नाही.

त्यांच्याच पक्षाच्या नगरसेवकांनी अविश्वासाच्या कागदावर सह्या गोळा केल्या. ठराव यायच्या आधीच आबांनी राजीनामा दिला. मला कायम करण्याचा ठराव त्यांच्या सहीनं आधीच्या आठवड्यात झाला होता. आराखडा पुढे तसाच मंजूर झाला, रस्ता बाकासकट झाला. गुरुजींच्या खोल्या पडल्या, शिकवणी मागच्या अंगणात गेली. आणि अक्कांनी एक दिवस गवंडी बोलावून आपली पडवी आपणच पाडली. शेजारणी म्हणाल्या, रस्ता तर वळला, आता कशाला? अक्का म्हणाल्या, "मना भाऊनी सांगेल व्हतं, पडवी जाई. गयी." गावानं तेही नाटक ठरवलं.

आबा त्यानंतरही सकाळी फिरत, पण खिसा सपाट असे. गुरुजींच्या दारावरून जाताना ते पावलं हळू करत. दार उघडत नसे.

चार-पाच वर्षांनी ते आजारी पडले आणि बहिणीकडे येऊन राहिले. मी एकदाच भेटायला गेलो. उन्हाळ्याची दुपार होती. आबा खाटेवर, कूलर चालू, आणि समोर पडवीची उघडी जागा. मी जाताना सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. पहिलं वाक्य वाटेत दहादा म्हणून पाहिलं होतं. प्रकृतीची विचारपूस झाली. आबा कूलरकडे पाहत होते. त्याच्या पुढ्यात कुणीतरी वर्तमानपत्र ठेवलं होतं.

"नकाशेवाले, एक सांगा. तो कागद बघा, काठाला कशा लाटा आल्यात. कागद पाणी पितो का?"

"पितो, आबा."

"मग वाढतो?"

"वाढतो."

"किती?"

"मोठा असला तर… एखादं सूत."

"म्हणजे जमिनीवर?"

"वीस फूट."

"हं." त्यांनी पडवीच्या जागेकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. फैजपूरच्या बागेत पाणी कसं वळतं ते कळल्यावर दिसला होता तसा चेहरा होता, कोडं सुटल्यासारखा. मग मान वळवून माझ्याकडे पाहत राहिले. वाट पाहत होते. मी वर्तमानपत्राकडे पाहत होतो.

बऱ्याच वेळानं त्यांनीच हाक मारली, "अक्का, च्या ठेव. नकाशेवालाले साखर जास्त लागस."

मी चहा प्यालो, नमस्कार केला आणि निघालो. त्या पावसाळ्यात आबा गेले. स्मशानातून परतताना गुरुजी माझ्या शेजारी आले. हळूच म्हणाले, "आबांनी खरंच केलं असेल का हो ते?" मी म्हणालो, "कुणास ठाऊक." गुरुजीही आता नाहीत, अक्काही नाहीत.

त्या जागेला गावात अजून 'अक्काचं वळण' म्हणतात. नावामागची गोष्ट नव्या मुलांना माहीत नाही, नाव तेवढं पक्कं झालं आहे. मागच्या महिन्यात स्टेशनवर रिक्षात बसलो. पोरगा म्हणाला, "बाबा, अक्काच्या वळणावरून घेऊ का?" मी हो म्हणालो. ज्या माणसाला रस्त्याला कुणाचं नाव नको होतं, त्याच्या रस्त्याला त्याच्या बहिणीचं नाव पडलं आणि ते मी पाडलं. ती रेषा आबांनी वळवली नाही, अक्कांनी मागितली नाही. ती माझ्या हातानं वळली आणि माझ्या तोंडानं टिकली. हे आता लेखी असू दे.

आबांना यातलं काही नवं नव्हतं. त्या दुपारी त्यांनी अर्ध्याहून जास्त वाट माझ्यासाठी चालून दिली होती. वीस फूट म्हटल्यावर पुढे एवढंच म्हणायचं राहिलं होतं: "आबा, तो कागद मी कूलरपुढं ठेवला होता. माफ करा."