दोन रिकाम्या तारा

कोराचं एल्मर टॉलिव्हरकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते नाचता नाचता. मंदीची वर्षं होती; अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत, बाराव्या रस्त्यावरच्या नाचघरात बँड रंगात आला होता आणि त्यात कुठेतरी एक तार घोरत होती. कोरा धोबीखान्यात इस्त्री करायची. यंत्र बिघडण्याआधी कुरकुरतं, हे तिच्या कानाला ठाऊक होतं. तिने नीट पाहिलं. कोपऱ्यातल्या लांबोडक्या माणसाच्या गिटारला तारा सहा होत्या, पण बोटं फिरत होती फक्त चार तारांवर.

मध्यंतरात ती सरळ त्याच्यापाशी गेली. “तुमच्या दोन तारा झोपल्यात. एक तर घोरतेय.”

“हळू बोला हो बाई! बुफर्ड मास्तरांनी ऐकलं, तर उद्यापासून मी कत्तलखान्यात डुकरं सोलायला.”

एल्मर मूळचा बँजोवाला. कातडी मढवलेला, थाळीसारखा गोल बँजो, तारा चार. लहानपणापासून हात त्यावरच बसलेला. पण वारं फिरलं. जो तो बँड बँजो टाकून गिटार धरू लागला. बँडमास्तर बुफर्डनी बजावलं, “गिटार आण, नाहीतर खुर्ची सोड.” एल्मरने गिटार आणली, चार तारा बँजोसारख्या लावल्या आणि उरलेल्या दोन शोभेला ठेवल्या. सहा तारा शिकून घ्यायला त्याने बरेच हातपाय मारले, पण गाणं सुरू झालं की बोटं जुन्याच वाटेने जायची.

कोराने आपल्या रुमालाची किनार फाडली आणि त्या दोन तारांखाली कोंबली. घोरणं थांबलं. पुढच्या वसंतात दोघांनी लग्न केलं.

मग एका रविवारी दुपारी शिकागोचा एक गिटारवाला नाचघरात आला. पाहुण्याने वाद्य मागितलं की द्यायचं, ही इथली रीत. एल्मरला नाही म्हणता येईना. पाहुण्याने गिटार छेडली मात्र, भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज झाला. दोन्ही तारा ढिल्या, उरलेल्या भलत्याच सुरात! सगळं नाचघर खो खो हसलं.

ढोलवाला ओरडला, “अर्धं शहर बेकार, त्यात एल्मरच्या दोन तारा!”

खुर्ची गेली, कोराला वाटलं.

बुफर्ड मात्र हसले नाहीत. “कधीपासून रे हे?”

“पहिल्या दिवसापासून, मास्तर.”

“आणि हे सगळे तुझ्या ठेक्यावरच नाचत होते?”

“हो.”

“मग त्या दोघींना उगाच कशाला बसवून ठेवलंस? काढ त्या. चल, पुढचं गाणं.”

एल्मरने तिथेच दोन्ही तारा सोडवल्या. खुर्ची राहिली. लोक त्याला ‘चौतारी’ म्हणू लागले आणि तो त्या नावाला ओ देऊ लागला. पुढे शिकागोच्या मोठ्या बँडला माणूस हवा होता. त्यांनी एल्मरऐवजी सहा तारांवर वाजवणारा घेतला. ती सल एल्मरला बरीच वर्षं राहिली. कोराने त्यावर कधी पांघरूण घातलं नाही, मीठही चोळलं नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर बुफर्डचा बँड मोडला, आणि एल्मर कत्तलखान्यात गेलाच. निवृत्त होईपर्यंत तिथे राहिला.

आता तो सकाळी शाळेपुढच्या चौकात पोरांना रस्ता पार करून देतो, आणि पोरंही त्याला ‘चौतारी’ म्हणूनच हाक मारतात.