हिंगाची डबी

शेजारच्या खिडकीतून हिंगाच्या फोडणीचा वास आला की अजूनही माझं डोकं तापतं. देवळीला राहत होतो तेव्हा घास अन्ननलिकेत अडकायचा, पाणी प्यायलो तरी खाली सरकायचा नाही. कुठल्यातरी अन्नाने नळीला आतून सूज येते असं निघालं, आणि डॉक्टरांनी गहू, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन सगळंच दोन महिने बंद केलं. घरात सोयाबीनची पोती आढ्यापर्यंत रचलेली आणि मी आपला दोन्ही वेळा ज्वारीची भाकर, तुरीचं वरण खातोय. पुतणीच्या लग्नातसुद्धा मांडवात घरचा डबा उघडून बसलो, लोक हसले. दोन महिन्यांनी दुर्बीण घालून बघितलं तर सूज जशीच्या तशी! घरी येऊन मी चिडून स्वयंपाकघरातला एकेक डबा वाचायला घेतला. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरांत छापलं होतं, गव्हाचं पीठ. आई कावरीबावरी झाली. म्हणाली, "तुह्या पोटाले बरं म्हणून मी त दोन चिमट्या जास्तच टाकत होती." मी डबी अंगणात भिरकावली आणि दुसऱ्या दिवसापासून तेच दोन महिने पुन्हा सुरू केले. त्या खेपेला सूज उतरली. आईने मात्र तेव्हापासून घरात हिंग आणलाच नाही. तुझ्यापुरतं वरण वेगळं फोडणीला टाक, हे शंभरदा सांगून झालं. आता आम्ही पिपरी मेघेला राहतो. आत्ताही ती खिडकीशी उभी राहून तो वास घेते आहे, आणि मी बघतोय हे कळताच म्हणते, "मले कुठं आवडते हिंग!"