परण्यात वाजलेलं लांबलचक गाणं

औरंगाबादला रोशन गेटजवळ राहणारा शफीक बद्रीनाथच्या मालकीच्या लग्नबँडमध्ये झांज वाजवायचा. झांजवाल्याला कोणी विचारत नाही. लोक क्लॅरिनेटवाल्याकडे बघतात, ढोलवाल्याला खांद्यावर घेतात आणि झांजवाल्याला पाण्याचा जग आणायला पाठवतात. म्हणून पस्तिशी ओलांडल्यावर शफीकनं कुठूनशी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार मिळवली. तिच्यासोबत एक कॅसेट आली. कॅसेटमध्ये एकच विलायती गाणं होतं आणि बाजू संपत आली तरी ते संपत नव्हतं. सुरुवात धडाक्याची, मधे वादक चहाला गेल्यासारखी सामसूम, शेवटी पुन्हा पत्रे उडवणारा जोर.

त्या गाण्यात तीन गिटारी होत्या. शफीकची मात्र खात्री होती, की वाजवणारा एकच आहे. बद्रीनाथच्या बँडमध्ये एका वाद्याला एकच माणूस असे. एकाच कामाला तीन माणसं ठेवणारा मालक त्यानं जन्मात पाहिला नव्हता. तिन्ही सूर एकदम काढता काढता त्याची करंगळी सुजली. बायको आबेदा भाजी निवडत ऐकायची.

"अजी, कित्ते हातां हैं उस आदमी को?"

"दोच होंगे."

"फिर घरवाले हाथ बटाते होंगे. अकेले का काम नहीं ये."

शफीकनं पुन्हा कान देऊन ऐकलं आणि कपाळावर हात मारला. वाजवणारे तिघं होते. दुसऱ्या दिवशी त्यानं एक सूर क्लॅरिनेटवाल्या रामकिसनला दिला, एक ट्रंपेटवाल्याला. गाणं बसलं. बद्रीनाथनं तालीम ऐकली. मधला संथ भाग आला तसा तो अस्वस्थ झाला.

"शफीकभाई, हे गाणं हाय का नळाला पाणी यायची वाट?"

"पुढं लई जोरात हाय, मालक."

"पुढं म्हंजे कव्हा? पुढच्या लग्नसराईत? हे बघा, सिल्लोडच्या लग्नात एकदा वाजवा. पोरं नाचली तर बँडात गिटारच वाजवा. थांबली तर परत झांज, आन गिटारीचं नाव काढायचं नाय."

सिल्लोडला नवरीचे वडील आप्पासाहेब मक्याचे व्यापारी. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या देवळातून मांडवाकडे निघाला. याला परण्या म्हणतात, आणि तो वेळेवर पोचल्याचं कोणाच्या ऐकण्यात नाही. नवरदेवाचे मित्र एकाच चौकात नाचत राहिले. आप्पासाहेब घड्याळ दाखवत हात जोडत होते, "चला हो पाव्हणं, मुहूर्त चालला!" मित्रांनी त्यांनाच ओढून नाचवलं.

शफीकनं गाणं सुरू केलं. पोरं पेटली. एकानं रस्त्यावर लोळण घेतली, बद्रीनाथनं मान डोलावली. मग संथ भाग आला. वर गेलेले हात वरच राहिले.

"संपलं का?" लोळणाऱ्यानं विचारलं.

"नाय, वाजतंय की."

यावर नाचता येईना आणि गाणं चालू असताना दुसऱ्याची फर्माईशही करता येईना. एकानं बुटाची नाडी बांधली. दुसऱ्यानं घाम पुसला. उभं राहून कंटाळलेला घोडा आपणहून चालू लागला, त्याच्यामागं वऱ्हाड. जनरेटरचा हातगाडा पुढं सरकला आणि त्याला वायरनं जोडलेला शफीकही ओढला गेला. त्याला घाईनं जोराच्या भागावर उडी मारायची होती. पण रामकिसन डोळे मिटून आपला सूर रवंथ करत होता. जोराची पहिली तार छेडायला शफीकनं हात उचलला, तर समोर मांडव. भटजी ओरडले, "बंद करा ते, अंतरपाट धरलाय!"

बद्रीनाथनं झांज पुढं केली. शफीकनं ती घेतली. अक्षता पडल्या तसे आप्पासाहेब फेटा सावरत धावत आले.

"मघाचं ते रडगाणं कोणी वाजवलं?"

शफीकनं मान खाली घातली.

"ह्याआधी दोन पोरींची लग्नं केली म्या. दोन्ही परण्यांनी मुहूर्त हुकवला. आज पयल्यांदा येळ साधली! धाकटीच्या लग्नाला ह्योच माणूस पायजे. फकस्त ते मधलं वाजवा, बाकी नगं."

बद्रीनाथनं झांज शफीकच्या हातातून काढून घेतली.

सोयगाव, अजिंठ्यापर्यंत मुलींच्या बापांत ही गोष्ट पसरली. वरपक्ष नाचाची गाणी सांगतो. वधूपिता बद्रीनाथच्या कानाशी लागून 'ते थंडवालं' मागतो. गिटार शफीककडेच आहे. शेवटचा जोराचा भाग त्यानं अजून एकाही लग्नात वाजवलेला नाही. तोवर मांडव येतो.