देवांखालचं कापड

आजवर जे कुणाला सांगितलं नाही, ते लिहिते आहे. वीसेक वर्षांपूर्वी गोखिवऱ्यात आमच्या तळमजल्याच्या घरात कमरेइतकं पाणी शिरलं, तेव्हा मी फक्त देव उचलले. मूर्ती माझ्या रेशमी सोवळ्यात गुंडाळल्या, स्टीलच्या डब्यात घातल्या आणि डबा डोक्यावर घेऊन शाळेतल्या छावणीत गेले. सगळे वर्ग गळत होते. कोरडी खोली एकच, मुख्याध्यापकांची. तिथल्या टेबलावर सोवळ्याची घडी अंथरून मी देव मांडले आणि खोली माझ्या बापाची असल्यासारखी दारात बसले. माझा कडकपणा आमच्या चाळीत प्रसिद्धच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाडीकडच्या गावातली एक बाई आली. तिच्या सुनेला, सुनंदाला, कळा सुरू झाल्या होत्या. "बाय, पोरीला आत घेऊ दे. भायेर पानी उडतंय."

मी म्हटलं, "इथे देव आहेत. बाळंतपणाचा विटाळ चालायचा नाही."

ती वाद न घालता परत गेली. मन टोचत होतं, पण मी जपमाळ ओढत त्याला गप्प बसवलं.

सुनंदा व्हरांड्यातच, साडीच्या आडोशाला बाळंत झाली. छावणीवर आलेल्या नर्सबाईंनी सुटका केली. मुलगी झाली, पण रडणं अगदी क्षीण आणि पावलं गार. "कोरडं कापड द्या कुणीतरी!" नर्सबाई ओरडत होत्या. छावणीत सगळ्यांचंच सगळं भिजलेलं. कोरडं कापड माझ्या देवांखाली होतं. मला ते माहीत होतं, तरी मी उठले नाही. हे वाक्य लिहितानाही लाज वाटते.

तेवढ्यात लाल लुगड्यातली एक म्हातारी आत आली. गळ्यात क्रूस होता. तिला मी आधी पाहिलं नव्हतं. तिने एकेक देव उचलला, कपाळाला लावला आणि बाजूला ठेवला. शेवटी बाळकृष्ण हातात घेऊन म्हणाली, "देवाला थंडी नाय लागत, बाय. पोरीला लागते."

ती कापड घेऊन निघाली, तशी मीही तिच्यामागे गेले. नर्सबाईंनी बाळाला पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि दोघींना मिळून कापडात गुंडाळलं. मग सुनंदाला उचलून आत आणायला मी हात लावला. हळूहळू पावलांना ऊब आली, बाळ चिकाचं दूध ओढू लागलं. म्हातारीला चहा द्यावा म्हणून वळले, तर ती निघून गेली होती. कुठल्या गावची, कुणालाच ठाऊक नव्हतं.

सुनंदाला मात्र ताप भरला आणि ती पंधरा दिवस इस्पितळात राहिली. तो व्हरांड्यातल्या घाणीने आला की कशाने, मला कधीच कळणार नाही.

पुढे सासू-सुना बाळाला घेऊन आमच्या घरी आल्या. कापड धुऊन, घडी करून आणलं होतं. "तुमच्या कापडानं माजी पोर जगली," म्हणत सुनंदा माझ्या पाया पडली. माझ्या नकाराचं सासूने तिला काहीच सांगितलं नव्हतं. सासू माझ्याकडे बघत होती. खरं बोलायची तीच वेळ होती. मी आशीर्वाद दिला.

देवाने माझ्याकडे मागितलं, मी दिलं नाही, तरीही त्याने बाळ जगवलं. त्या कृपेपुढे रोज डोकं टेकते. तो मागेल तेव्हा मूठ उघडावी, एवढंच शरण जाणं असतं, हे मला उशिरा कळलं. अजूनही सकाळी बाळकृष्णाला अंघोळ घालते. पुसायला जरा उशीर झाला, की व्हरांड्यातलं ते रडणं ऐकू येतं.