पाइप बसवता न आलेला मिस्त्री

ढाणकीच्या बाजारात युनूस मिस्त्रीचं दुकान म्हणजे तीन टिनपत्रे आणि मागं एक बाभूळ. पण त्या पत्र्याखाली काय काय येऊन बरं होऊन गेलं, विचारू नका. शेतातलं आइल इंजिन, शिंप्याची मशीन, लग्नाच्या ऐन वेळी विझलेली गॅसबत्ती. मिस्त्रीची रीत अशी, की पेचकसाचं टोक मशीनला लावायचं, लाकडी मूठ आपल्या कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. बघणाऱ्याला वाटावं, मशीन याच्या कानात घरचं गाऱ्हाणं सांगून राह्यली. मग डोळे उघडून म्हणायचा, "समजलं." ते समजलेलं कधी खोटं निघालं नव्हतं.

चौसष्ट साली किसनराव अडत्यांनी नागपूरहून जुनी स्कूटर आणली. गावातली पहिलीच. उन्हाळ्याचे दोन महिने किसनराव तिच्यावर बसून कापसाचे पैसे मागत फिरले, आणि ज्यांच्याकडं एक पैसा घेणं नव्हतं त्यांच्याही दारावरून दोनदा गेले. मग पाऊस लागला. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात माणसाचं पाऊल निघत नाही, तिथं स्कूटरची काय कथा? चार महिने ती ओसरीत गोधडी पांघरून उभी राह्यली. दसऱ्याला गोधडी काढली, हार घातला, लिंबू कापलं, आणि किसनरावांनी लाथ मारली. स्कूटर एकदा खोकली आणि गप बसली.

दहा लाथा झाल्या, वीस झाल्या. धोतराचा सोगा सुटला, पण स्कूटर काही सुटेना. ढकलत ढकलत ती युनूसच्या पत्र्याखाली आली.

युनूसनं स्कूटर याआधी फक्त जाताना पाह्यली होती. पण मशीन ती मशीन. त्यानं प्लग काढला, घासला, ठिणगी पाह्यली. निळी, चांगली. पेट्रोलची नळी फुंकली. साफ. जुनं पेट्रोल ओतून नवं भरलं, तेल मापून टाकलं. किक मारली की एक खोकला, की झालं. पेचकस कानाला लावावा, तर बंद मशीन बोलणार काय?

तीन दिवस हेच. भोवती माणसं जमायची. एक म्हणे थंडी लागली, गोणपाट गरम करून बांधा. एक म्हणे दिशा बदला, तोंड उत्तरेला करा. देवीलाल शिंपी सुई दातात धरून म्हणायचा, "मिस्त्री, गाडीले नजर लागली. पुरी तुहीच लागली."

चौथ्या दिवशी किसनराव वैतागले. "युनूस, आता बस झालं बाप्पा. उद्या खेमसिंगची बैलबंडी येऊन राह्यली. गाडी बंडीत टाकतो अन् नांदेडच्या मिस्त्रीकडे पाठोतो."

आणि गाडी ढकलत घरी घेऊन गेले.

युनूसनं पेचकस खाली ठेवला. उद्या बाजाराचा दिवस. खेमसिंगची बंडी भर बाजारातून, त्याच्याच दुकानासमोरून जाणार, आणि वर नवरीसारखी स्कूटर बसलेली. असं एकदा झालं, की परवा देवीलाल आपली मशीन डोक्यावर घेऊन उमरखेडला जाईल. मग या पत्र्याखाली बसून करायचं काय? बाभळीच्या शेंगा मोजायच्या?

संध्याकाळी भाकर पुढ्यात आली तरी त्याचा हात उठेना. सुग्राबीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं. पाच लेकरांची माय ती. म्हणाली, "खाना देखा, पीना देखा. पेट साफ हुआ के नहीं, वो देखा?"

युनूसनं ताट बाजूला सारलं. मशीनच्या तोंडात काय जातं ते त्यानं तीन दिवस पाह्यलं होतं. बाहेर काय पडतं, ते एकदाही नाही.

उजाडता उजाडता तो किसनरावांच्या ओसरीत हजर. किसनराव विहिरीवर आंघोळीला गेले होते. युनूसनं धुराच्या पाइपाला तळहात लावला आणि दुसऱ्या हातानं किक दाबली. पाइपातून वाराच येईना! बोट घातलं, तर आत वाळलेली माती, दगडासारखी. मिस्त्रीला इतका आनंद झाला, की तार घेऊन तो खुपसणारच होता.

"थांब रे मुडद्या! हात लावू नोको!"

दारात कौसल्याबाई उभ्या. किसनरावांची माय. हातात सारवणाचा पोतेरा.

"माय, गाडीच्या नरड्यात माती हाये."

"माती नाही ते. घर हाये. कुंभारणीचं."

कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची काळी गांधीलमाशी, तोंडानं चिखल आणून घर बांधते ती. आपल्याकडं जुनी माणसं म्हणतात, कुंभारणीनं घरात घर केलं की वर्षाच्या आत पाळणा हालतो. किसनरावांच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. पंचफुलाची, म्हणजे सुनेची, कूस अजून उजवली नव्हती. पावसाळ्यात कौसल्याबाईंनी कुंभारणीला चिखल घेऊन त्या पाइपात शिरताना पाह्यलं, आणि त्या दिवसापासून स्कूटरला कोणी फडकं मारलं तरी त्यांच्या जिवाचं पाणी व्हायचं.

"माय, मंग चार दिवस मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं का फळ जाते. अन् किसनाले सांगू? हासते तो. सुनेले समजलं तं ते रडते. तुले तुह्या लेकरांची आन हाये, कोणाजवळ बोलशील तं."

आपल्या घरी कुंभारणीनं कधी एक भिंतसुद्धा बांधली नाही, तरी पाच झाली, हे युनूसच्या ओठावर आलं होतं. पण म्हातारीचे डोळे भरले होते. त्यानं ते गिळलं.

बंडीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला. युनूस म्हणाला, "माय, घर मोडत नाही. घर उचलून ठेवतो." त्यानं पाना काढला, दोन नट सोडले, आणि पाइप धुराच्या डब्यासकट अलगद खाली घेतला. कौसल्याबाईंनी तो जुन्या लुगड्यात गुंडाळला, बाळंतिणीनं तान्हं उचलावं तसा उचलला आणि ज्वारीच्या कणगीमागं नेऊन ठेवला.

किसनराव ओल्या अंगानं आले. खेमसिंगनं बंडी दाराला लावली. युनूस किकवर चढला आणि एकच लाथ मारली.

फाड फाड फाड फाड! ओसरीवरचे कावळे उडाले. खेमसिंगचे बैल रिकामी बंडी घेऊन जे उधळले, ते मारुतीच्या पारालाच जाऊन अडले.

"बापू, गाडी चालोता का लढाईले जाता?" असं ओरडत खेमसिंग बैलांमागं धावला.

किसनरावांना आधी हसू आलं, मग खाली लक्ष गेलं. "युनूस, पाइप कुठं हाये बे?"

युनूसनं घराकडं पाह्यलं. दाराआड म्हातारीचं नाक तेवढं दिसत होतं.

"बापू, पाइप काही दिवस नाही लावता येत."

"काहून नाही येत?"

"नाही येत."

आतून कौसल्याबाई कडाडल्या, "मिस्त्री म्हणते ते आयक ना किसना! मोठा आला शायना!"

बंडीवरची शोभायात्रा टळली. पण किसनराव स्कूटर घेऊन बाजारात शिरले की म्हशी दावं तोडायच्या, आणि लोक किसनरावांना नाही, युनूसला शिव्या द्यायचे. मिस्त्रीला खोलता येतं, बसवता येत नाही, हे आठ दिवसांत ढाणकीपासून महागावपर्यंत पोचलं. देवीलाल मशीनला तेल घालायला आला, तो मशीनवर हात ठेवूनच बसला. "खोलू नोको बाप्पा. सुई तुह्याकडं राहीन अन् मी बोटानं शिवत बसीन."

सगळे हसले. युनूसही हसला, पण त्या दिवशी त्याला भाकर गेली नाही. एक शब्द बोलला असता तर सगळा बाजार चूप झाला असता. सुग्राबीनं दोनदा विचारलं, "पाइप किधर है?" तिलाही त्यानं सांगितलं नाही.

दोन आठवड्यांनी पंचफुला दुकानावर आली. हातात स्टोव्ह. पिन मारायची होती म्हणे. युनूसनं पाह्यलं तर स्टोव्ह ठणठणीत.

"मिस्त्रीभाऊ," ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी चुलीपाशीच होती. सारं आयकलं. आत्याबाईले वाटते मले काही मालूम नाही." मग म्हणाली, "कणगीमागं मी बी रोज पाह्यतो. अजून घर बंदच हाये."

आणि तोंडाला पदर लावून हसली. युनूसनं ठणठणीत स्टोव्हला उगाच पिन मारून दिली.

बाविसाव्या दिवशी माती फोडून माश्या उडाल्या. कौसल्याबाईंनी गुपचूप निरोप धाडला. युनूसनं पाइप नेऊन साफ केला आणि भर दुपारी, भर बाजारात, पत्र्याखाली बसून बसवला. चिकार माणसं जमली. किक मारली, आणि स्कूटर अशी हळू आवाजात सुरू झाली, की शेजारच्या दुकानातला तराजूचा काटा ऐकू यावा.

किसनरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बावीस दिवस लागले बाप्पा तुले, दोन नट आवळाले!"

माणसं खदखदा हसली. युनूसनं पाना फडक्याला पुसला.

"हाव बापू," तो म्हणाला. "जागा भल्ली नाजूक होती."