नव्वद दिवस कोरडं नाक

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहून ठेवायची सवय नाही. पण सिंगापुरात कासवांच्या शेडमध्ये सहा वर्षं झाडलोट केली, तर किस्से चिकटतातच. माळावरून चालून आल्यावर पायजम्याला कुसळं चिकटलेली असतात तसे. एकेक काढून दाखवलं की लोक हसतात. मीही हसतो.

मुलगा वन-नॉर्थला नोकरीला, सूनही कामाला. दिवसभर बुओना व्हिस्टाच्या फ्लॅटमध्ये भिंतींकडे किती बघणार? शेजारची सुजाता कांबळे प्राण्यांची डॉक्टर. ती म्हणाली, "काका, चला माझ्याबरोबर." तिच्या शेडमध्ये चोरून आणताना पकडलेली कासवं ठेवत. बहुतेक आपल्या देशातली, कोरड्या माळावरची, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेली.

*

पहिल्याच दिवशी मी घोटाळा केला. माझा जन्म माणदेशातल्या रोपवाटिकेत रोपांना पाणी घालण्यात गेला. आमच्याकडे आल्यागेल्याला आधी पाणी. इथे बघतो तर कासवं दिव्याच्या उन्हात, धुळीत पडलेली. मला गलबलून आलं. नळी लावली आणि सगळ्यांना न्हाऊ घातलं!

शेडच्या मुख्य मिस लिम धावत आल्या. "अंकल! स्टॉप, स्टॉप!"

सुजातानं समजावलं. "काका, इथली हवाच इतकी ओली की यांची फुप्फुसं खराब होतात. प्यायला वाटीभर पाणी, बस्स. बाकी सगळं कोरडं पाहिजे."

"म्हणजे दुष्काळ पाहिजे?"

"हो."

"मग आधी सांगायचं नाही का! त्यातला मी जाणकार आहे."

*

एकदा मराठी मंडळातली चार कुटुंबं बघायला आली. देवळात गाभाऱ्यापुढच्या कासवाला हात लावून मग आत जायचं, ही आपली सवय. एका वहिनींनी पर्समधून डबी काढली आणि एका कासवाच्या पाठीवर कुंकवाचं बोट टेकवलंच!

"वहिनी, पुसा ते! पोटात जाईल कुणाच्या तरी!" सुजाता ओरडली.

"अगं बाई, जिवंत आहे होय! इतका वेळ हललं कुठे?"

सगळे खूप हसले. ते हलणार कसं? कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये गुळगुळीत फरशीवर वाढलेलं. चारही पाय वाकडे.

*

मग एक खोका आला. आत मोजे. प्रत्येक मोज्यात चिकटपट्टी लावलेलं एकेक पिल्लू. अर्धी गेलेली होती. मिस लिम कात्रीनं मोजे कापत होत्या आणि बाहीनं डोळे पुसत होत्या.

"कुठून आणतात गं?" मी सुजाताला विचारलं.

"माळावरून पोत्यांनी उचलतात, काका. काही माळांवर आता एकही उरलं नसेल. आणि गाव माहीत नसलं की परत कुठे सोडायची?"

फॉर्मवर एक रकाना होता. मिस लिमनी पेन धरलं. "ओरिजिन, अंकल?"

मी म्हटलं, "लिहा, घरून आणलेली."

सुजातानं इंग्रजीत सांगितलं, त्यांनी तसंच लिहिलं! आठवड्यानं फॉर्म परत आला. शेरा होता, माहिती अपूर्ण.

*

गावी गेलो तेव्हा येताना स्टीलच्या डब्यात माळाची माती आणली. म्हटलं, पिल्लांच्या पायांना लागू दे. विमानतळावर आपणहून दाखवली.

"सॉइल कॅनॉट लाह, अंकल," तिथला माणूस नरमाईनं म्हणाला.

मी मराठीत म्हटलं, "पिल्लं चोरून येतात, आणि माती सांगून आणली तर चालत नाही!"

त्याला कळलं नाही. त्यानं डबा रिकामा करून, पुसून परत दिला.

*

आता गो आँटींचं सांगतो. माझ्याच वयाच्या, हॉकर सेंटरमध्ये नूडल्स विकायच्या. त्यांनी एक मादी कासव वीस वर्षं फ्लॅटमध्ये लेकीसारखं सांभाळलं. रोज आंघोळ घालायच्या. हे बेकायदा आहे असं कळल्यावर रडत रडत स्वतःच आणून दिलं. मी तिचं नाव आक्का ठेवलं.

आक्काचं नाक सारखं वाहायचं. रोजच्या आंघोळीनं. हे आँटींना कुणी सांगितलं नाही. मी तर नाहीच.

भारतात परत पाठवायच्या कासवांची यादी होणार होती. मिस लिमनी अट सांगितली, सलग नव्वद दिवस नाक कोरडं राहिलं तरच आक्काचं नाव घालायचं. आजारी कासव तिथल्या कासवांत नको. मी कॅलेंडरवर रोज फुली मारायचो. एक थेंब दिसला की पुन्हा एकपासून.

आँटी दर रविवारी पालेभाजी घेऊन यायच्या आणि तिच्याशी हॉक्किएनमध्ये, म्हणजे त्यांच्या चिनी बोलीत, बोलायच्या. आक्का जाणार म्हटल्यावर त्या घाबऱ्या झाल्या. "अंकल, इंडियात तिच्याशी हॉक्किएन कोण बोलणार?"

मग मी त्यांना मराठी शिकवलं. तिला आतापासून सवय व्हावी म्हणून! "आता खा." "आता झोप." आणि त्यांचा हात सारखा पाण्याच्या बाटलीकडे जायचा, म्हणून तिसरं, "पाणी नको."

"पाणी नको," त्या हसून म्हणायच्या आणि बाटलीचं बूच लावायच्या.

पहिल्या वेळी एकेचाळीसला थेंब आला. दुसऱ्या वेळी एक्याऐंशीला. तिसऱ्या वेळी नव्वदावा दिवस उजाडला. रविवार होता. मी कापूस लावून बघितला, नाक अगदी कोरडं. मान मात्र बाहेर पडलेली. हात लावला तरी आत गेली नाही.

तेवढ्यात आँटी भाजीची पिशवी घेऊन आल्या. मी उभा राहिलो. सांगायचं कुठल्या भाषेत?

त्या खाली बसल्या. आक्काच्या पाठीवरच्या चांदण्यांवरून बराच वेळ बोट फिरवलं. मग बाटलीचं बूच काढलं आणि माझ्याकडे बघून हळूच विचारलं,

"आता पाणी?"